नव्या बहिणीला जागा देताना मन दुखतं तेव्हा

पत्र:

"आमच्या चर्चच्या मंडळीत मी बरीच वर्षं शब्बाथशाळा, म्हणजे मुलांचे बायबलचे वर्ग, चालवते, गायनमंडळही सांभाळते. गेल्या वर्षी बाहेरगावाहून एक कुटुंब आमच्या मंडळीत आलं. त्यांना पहिल्यांदा घरी बोलावणारी मीच. राहायला जागा शोधून दिली, पाळकसाहेबांशी ओळख करून दिली. ती बहीण गाणं शिकलेली आहे, वाद्यंही वाजवते. मुलं तिच्याभोवती जमतात. आता पाळकसाहेबांनी उपासनेतच जाहीर करून टाकलं की यंदा नाताळची गाणी तीच बसवेल. मला आधी कोणी विचारलंसुद्धा नाही. तेव्हापासून तिच्याशी माझ्याच्यानं नीट बोलवत नाही. मंडळीतल्या मैत्रिणी म्हणतात, 'तुझ्यावर अन्याय झाला.' गेल्या आठवड्यात सराव तासभर अलीकडे घेतला. सगळ्यांना कळवलं, तिला मुद्दाम कळवलं नाही. ती पोचली तेव्हा मंडळी घरी निघाली होती. तिचा चेहरा पाहून वाईट वाटलं, आणि खरं सांगते, थोडं बरंही वाटलं. त्या बरं वाटण्याचीच मला भीती वाटते आहे. मी सगळी कामं सोडून द्यावीत का? की दुसऱ्या मंडळीत जावं? – एक बहीण"

प्रिय ताई,

प्रभूमध्ये सप्रेम सलाम.

बाकी सगळं नंतर. आधी तिच्याकडे जा. फोनवर नको, समोर बसून सांगा: "सरावाची वेळ बदलली होती आणि मी तुम्हाला मुद्दाम कळवलं नाही. मला क्षमा करा." एवढंच. त्यापुढे "पण मलाही वाईट वाटलं होतं" हे वाक्य जोडू नका. ते खरं आहे, पण त्या दिवशी ते बोललात तर क्षमा मागायला गेलेली बाई तक्रार सांगून परत येईल. तिला कदाचित कल्पनाही नसेल की निरोप मुद्दाम राहिला. तरीही सांगा. वेदीजवळ अर्पण आणलंय आणि आपल्या भावाच्या मनात आपल्याविरुद्ध काही आहे हे तिथं आठवलं, तर अर्पण तिथंच ठेवून आधी समेट करायला जा, असं प्रभूनं सांगितलं आहे (मत्तय 5). नाताळची गाणी हेही आपलं अर्पणच, नाही का?

तुमच्या पत्रातलं मला सगळ्यात मोलाचं वाटलं ते एक वाक्य, बरं वाटण्याची भीती वाटते हे. ही भीती जपून ठेवा. ती गेली असती तर मला तुमची काळजी वाटली असती.

बायबलातल्या शौल राजाची गोष्ट आपण मुलांना शिकवतो ती दाविदाच्या बाजूनं. एकदा ती शौलाच्या बाजूनं वाचून पाहा. दाविदाला राजवाड्यात कोणी आणलं? शौलानंच. वीणा वाजवणारा चांगला माणूस हवा म्हणून त्यानं बोलावणं धाडलं. तो मुलगा त्याला फार आवडला, त्यानं त्याला आपला शस्त्रवाहक केलं, आणि त्याच्या वाजवण्यानं राजाच्या जिवाला आराम पडू लागला. म्हणजे स्वागत अगदी मनापासूनचं होतं. बिघडलं कुठं? बायका गात आल्या आणि त्यांच्या गाण्यात शौलाच्या वाट्याला हजार आले, दाविदाच्या वाट्याला दहा हजार. त्या दिवसापासून शौल दाविदाकडे वाकड्या नजरेनं पाहू लागला असं शास्त्र सांगतं. पुढं, ज्या वीणेनं त्याला शांत वाटायचं ती दाविदाच्या हातात असतानाच त्यानं त्याच्यावर भाला फेकला. दाविदानं शौलाचं काहीही हिरावलेलं नव्हतं. दुसऱ्यांनी केलेल्या तुलनेवर शौलानं विश्वास ठेवला, बस्स.

त्याच घरात शौलाचा मुलगा योनाथान होता. खरं गमवायचं होतं ते त्याला, कारण गादीचा वारस तो. त्यानं आपला झगा काढून दाविदाला दिला, तलवार, धनुष्य, कमरपट्टासुद्धा दिला. नंतर रानात लपलेल्या दाविदाला भेटायला गेला तेव्हा म्हणाला, तू राजा होशील आणि मी तुझ्या खालोखाल असेन. ताई, त्याला ती दुसरी जागाही मिळाली नाही. गिलबोवा डोंगरावर बापाबरोबर तो लढाईत पडला. योनाथानाला बदल्यात काही मिळालं असं मी तुम्हाला सांगणार नाही, कारण तसं शास्त्रात नाही. जागा दिली की देव लगेच त्याहून मोठी जागा देतो असं कोणी तुमचं सांत्वन करायला आलं, तर ते मनावर घेऊ नका.

आता तुम्ही केलेल्या पाहुणचाराबद्दल. तो खरा होता, त्यात ढोंग नव्हतं, आणि आज मन कडू झालंय म्हणून तो खोटा ठरत नाही. फक्त तो अजून पुरा झालेला नाही. कुणाला घरी बोलावतो तेव्हा आपण देणारे असतो आणि समोरचा घेणारा. आपला हात वर असतो, समोरच्याच्या तोंडी आभार असतात. हे सोपं आहे असं मी म्हणत नाही, पण त्यात आपली जागा पक्की असते. तोच पाहुणा वर्षभरानं आपल्या शेजारी उभा राहून आपल्याच कामाला हात घालतो, तेव्हा पाहुणचाराचा अवघड भाग सुरू होतो. पुष्कळ मंडळ्यांत पाहुणचार इथंच थांबतो. नव्यांचं दारात हसून स्वागत होतं, पुढं वर्षानुवर्षं त्यांना कशातच घेतलं जात नाही.

प्रेषित पौलानं रोमच्या मंडळीला लिहिलेल्या पत्राच्या शेवटी फिबीची शिफारस केली आहे. ती किंख्रियाच्या मंडळीची सेविका, रोमला अगदी नवी. पौल दोन गोष्टी मागतो. पवित्र जनांना शोभेल असा तिचा स्वीकार करा, ही पहिली. दुसरी, जिथं तिला तुमची गरज लागेल तिथं तिला मदत करा. ती बाई नुसती आसरा शोधत आलेली नव्हती, तिच्या हातात काम होतं, आणि जुन्या लोकांनी त्या कामाला हातभार लावायचा होता. आधीच्याच अध्यायात पौलानं लिहिलंय की ख्रिस्तानं तुमचा स्वीकार केला तसा तुम्हीही एकमेकांचा स्वीकार करा. त्यानं आपल्याला दारापर्यंत येऊ देऊन तिथंच उभं ठेवलं नाही.

लेवीय 19 मधली आज्ञाही इथं आठवते. तुमच्यात राहणाऱ्या परक्याला स्वदेशीयासारखं माना, त्याच्यावर स्वतःसारखी प्रीती करा, कारण मिसर देशात तुम्हीही परके होता. कधी तरी तुम्हीही या मंडळीत नव्या होतात, किंवा तुमचे आईवडील नवे होते. पहिल्यांदा शब्बाथशाळेचा वर्ग तुमच्या हाती दिला तेव्हा तो आधी कोण घेत होतं, हे आठवून पाहा. त्या माणसाला तेव्हा काय वाटलं असेल, याची चौकशी तुम्ही केली होती का कुणास ठाऊक. आता ती व्यक्ती हयात असेल तर जरूर करा.

जुन्या माणसाच्या हातात एक ताकद असते आणि बहुतेकदा ती त्याच्या स्वतःच्याही ध्यानात नसते. किल्ली कोणाकडे असते, सरावाची वेळ कोण ठरवतं, कुठल्या मुलाला पुढं उभं केलं की तो रडतो, कोणत्या वडीलजनांना आधी विचारलं नाही तर ते दुखावतात, हे सगळं जुन्यांना ठाऊक. नव्या माणसाकडे कितीही गुण असोत, हे त्याला कळायला वेळ लागतो. तुम्ही तो निरोप दाबलात तेव्हा नेमकी हीच ताकद वापरलीत. भांडण नाही, शब्द नाही, फक्त कळवलं नाही. मंडळ्यांमध्ये नव्यांना दूर ठेवण्याचा हा सगळ्यात गुपचूप मार्ग आहे, आणि म्हणूनच मी त्याबद्दल इतकं कडक बोलते आहे. योहानाच्या तिसऱ्या पत्रात दियत्रफेस नावाचा माणूस आहे. त्याला पहिलं असण्याची आवड. बाहेरून आलेल्या बंधूंना तो घेत नाही, जे घेऊ पाहतात त्यांना अडवतो, मंडळीबाहेर घालवतो. तुम्ही दियत्रफेस नाही. त्या एका निरोपापाशी तुम्ही थांबलात आणि पत्र लिहिलंत.

हीच ताकद उलट बाजूनं कशी वापरता येते ते पहिल्या मंडळीतल्या बर्णबानं दाखवलं आहे. त्याच्याबद्दल मला जरा सविस्तर बोलायचं आहे, कारण तुमच्याजवळ जे आहे तेच त्याच्याजवळ होतं: जुनी ओळख, लोकांचा विश्वास, शब्दाला वजन. शौल, म्हणजे पुढचा पौल, यरुशलेमेत शिष्यांमध्ये मिसळायला आला तेव्हा सगळे त्याला भीत होते. हा खरंच शिष्य झालाय यावर कोणाचा विश्वास बसेना. बर्णबानं त्याला बरोबर घेतलं, प्रेषितांकडे नेलं आणि त्याच्या वतीनं बोलला. आपलं नाव त्यानं दुसऱ्यासाठी पणाला लावलं. इथवर तुम्हीही आला आहात. तुम्हीच त्या कुटुंबाला पाळकसाहेबांकडे नेलंत.

पण बर्णबा तिथं थांबला नाही. पुढं अंत्युखियात पुष्कळ लोक विश्वास ठेवू लागले, तेव्हा यरुशलेमेच्या मंडळीनं त्याला तिकडे पाठवलं. तिथं देवाची कृपा पाहून त्याला आनंद झाला. काम वाढत होतं, लोक त्याचं ऐकत होते, म्हातारपणापर्यंत तो तिथला मुख्य राहू शकला असता. त्यानं काय केलं? तो तार्साला गेला आणि शौलाला शोधून घेऊन आला. आपल्याहून जास्त शिकलेला, आपल्याहून जास्त धारदार माणूस त्यानं आपणहून आपल्या कामात आणला. वर्षभर दोघांनी मिळून शिकवलं, आणि शिष्यांना ख्रिस्ती हे नाव पहिल्यांदा त्याच अंत्युखियात मिळालं. प्रेषितांची कृत्ये वाचत गेलात तर दिसेल की आधी "बर्णबा व शौल" असं येतं, मग "पौल व बर्णबा" येऊ लागतं. क्रम बदलला म्हणून बर्णबा कुठं कुरकुरला, असं एक अक्षरही नाही. बर्णबा भिडस्त होता असंही समजू नका. योहान मार्क या तरुणाला पुन्हा बरोबर घ्यायचं की नाही, यावर तो पौलाशी कडकडून भांडला आणि वेगळा झाला. स्वतःच्या नावासाठी जो बोलला नाही, तो मागं पडलेल्या मुलासाठी बोलला. पुढं पौलानंच तीमथ्याला लिहिलं की मार्काला घेऊन ये, सेवेसाठी तो मला उपयोगी आहे.

तुमच्या बाबतीत बर्णबासारखं वागणं म्हणजे काय? क्षमा मागून झाली की तिला तुमच्याजवळची माहिती द्या. हातचं काही राखून ठेवू नका. कोणत्या मुलीला शब्द पाठ होतात पण वाचता येत नाहीत, कोणाच्या घरी आजारपण आहे, कोणतं जुनं गीत गाळलं तर वयस्कर माणसांना चुकल्यासारखं वाटेल, हे सगळं. तिचं काही चुकताना दिसलं तर चारचौघांत बोलू नका. आलेक्सांद्रियाचा अपुल्लो इफिसात आला तेव्हा त्याचं वक्तृत्व मोठं, शास्त्राचा अभ्यास दांडगा, पण त्याला फक्त बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाच्या बाप्तिस्म्यापर्यंतचंच ठाऊक होतं. प्रिस्किल्ला आणि अक्विला यांनी सभास्थानात उठून त्याला अडवलं नाही. त्यांनी त्याला आपल्याकडे बोलावून घेतलं आणि देवाचा मार्ग अधिक नीट समजावून सांगितला. पुढं त्याला अखयाला जायचं होतं, तेव्हा तिथल्या शिष्यांनी त्याचा स्वीकार करावा म्हणून बंधूंनी पत्र दिलं. नव्या माणसाचं काही उणं असेल तर ते भरून काढणं हाही पाहुणचारच.

आणि ती काही बदल करेल. चाली बदलेल, मुलांना उभं करण्याची पद्धत बदलेल. तुम्हाला ते टोचेल. संत बेनेडिक्टांनी सहाव्या शतकात मठांसाठी जी नियमावली लिहिली, तिच्या 61व्या अध्यायात बाहेरून आलेल्या मठवाशाबद्दल सांगितलं आहे. त्यानं नम्रपणे आणि प्रेमानं काही खोट दाखवली, तर मठाधिपतीनं तिचा शांतपणे विचार करावा, कदाचित प्रभूनं त्याला याचसाठी पाठवलं असेल. मला हे वाचून नेहमी धीर येतो. इतक्या जुन्या, इतक्या शिस्तीच्या माणसांनाही नव्याचं ऐकणं जड जात असणार, नाहीतर हा नियम लिहावा लागला नसता.

पाळकसाहेबांचं मात्र चुकलं. हे मी गुळमुळीत बोलणार नाही. इतकी वर्षं काम करणाऱ्या बहिणीला आधी बाजूला बोलावून विचारायला हवं होतं. उपासनेत सगळ्यांसमोर जाहीर करून त्यांनी तुम्हाला दुखावलं, आणि त्या नव्या बहिणीलाही अवघड जागी उभं केलं. तुमचा राग खरं तर त्यांच्यावर आहे, ताई. तो तिच्यावर निघाला, कारण पाळकांवर रागावणं आपल्याला पाप वाटतं आणि नव्या माणसावर रागावणं सोपं जातं. तेव्हा त्यांच्याशी बोला, आदरानं आणि स्पष्ट: "निर्णय मला मान्य आहे, पण मला आधी सांगितलं असतंत तर बरं झालं असतं." यरुशलेमेच्या पहिल्या मंडळीतही ग्रीक बोलणाऱ्यांच्या विधवांची रोजच्या वाटपात हेळसांड होऊ लागली तेव्हा कुरकुर झाली. प्रेषितांनी ती दाबली नाही. सगळ्यांना बोलावून सात जण निवडायला सांगितले, आणि त्या सातांची नावं पाहा, सगळी ग्रीक. ज्यांची तक्रार होती त्यांच्याच बाजूच्या माणसांच्या हाती वाटप गेलं असावं असं त्यावरून दिसतं. तक्रार योग्य जागी, उघडपणे मांडली तर मंडळी मोडत नाही.

तुमच्या मैत्रिणींचं काय करायचं? बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाचे शिष्यही त्याच्याकडे येशूविषयी अशीच तक्रार घेऊन आले होते. "तुम्ही ज्याच्याविषयी साक्ष दिलीत तो आता बाप्तिस्मा करतोय आणि सगळे त्याच्याकडे जाताहेत." त्यांचा हेतू वाईट नव्हता, ते गुरूच्या प्रेमापोटी बोलत होते. योहानानं त्यांच्या बोलण्यात बोलणं मिसळलं नाही. स्वर्गातून दिल्याशिवाय माणसाला काहीच मिळत नाही, असं तो म्हणाला. वराचा मित्र वराचा आवाज ऐकून आनंदतो, तोच माझा आनंद आहे, त्यानं वाढावं, मी कमी व्हावं. तुम्ही मैत्रिणींना एवढंच सांगा: "मी तिच्याबरोबर काम करणार आहे, माझ्यासमोर तिच्याविषयी असं बोलू नका." पहिल्या दिवशी त्या गप्प होतील. कदाचित एखादी रुसेल. रुसू द्या.

याच प्रसंगात तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तरही आहे. योहानाचं "मी कमी व्हावं" आपल्याला पाठ असतं, पण त्याच अध्यायात थोडं वर लिहिलंय की तेव्हा तोही शालिमाजवळच्या एनोनात बाप्तिस्मा करत होता, कारण तिथं पाणी मुबलक होतं. त्यानं काम सोडलं नव्हतं. तो तुरुंगात पडेपर्यंत ते चालूच राहिलं. तेव्हा तुम्हीही काम सोडू नका. शब्बाथशाळा तुमची आहे, ती कोणी मागितलेली नाही, ती तशीच प्रेमानं चालवा. गायनमंडळात या नाताळापुरतं गाणाऱ्यांच्या रांगेत बसा आणि तिला विचारा, "माझ्याकडून काय हवंय?" ती जे सांगेल ते करा, त्याहून जास्त नको. आत्ता सगळं सोडून दिलंत तर तो त्याग दिसेल, पण मंडळीतला प्रत्येक जण त्याचा अर्थ "तिच्यामुळे गेली" असाच लावेल, आणि तो बोजा त्या नव्या बाईच्या खांद्यावर पडेल.

मत्सर क्षमा मागितल्याबरोबर जाणार नाही. तिनं लावलेली चाल मुलांच्या तोंडी ऐकाल तेव्हा पुन्हा पोटात कळ येईल. तेव्हा स्वतःला दोष देत बसू नका. तिचं नाव घेऊन प्रार्थना करा, आणि प्रार्थनेत "तिला नम्रता दे" असं मागू नका. तिच्या मुलांसाठी मागा, नव्या गावात तिला जी माणसं मिळालेली नाहीत त्यांच्यासाठी मागा, तिच्या आवाजासाठी मागा. ज्याच्या भल्यासाठी आपण रोज नाव घेऊन मागतो त्याचा हेवा करत राहणं फार कठीण जातं. आणि एखाद्या दिवशी सरावात बसवेनासं झालं, तर कारण सांगून त्या दिवशी घरी राहा. चेहरा पाडून रांगेत बसण्यापेक्षा ते बरं.

दुसऱ्या मंडळीत जाण्याचा विचार निदान नाताळ होईपर्यंत बाजूला ठेवा. तिथं तुम्ही नव्या असाल आणि तिथली कोणी बहीण तुमच्यासारखीच रात्रभर जागेल. शिवाय राग घेऊन गेलेला माणूस तिकडेही तोच राग घेऊन बसतो, हे मी खूप घरांत पाहिलंय.

क्रम मात्र सांभाळा. आधी तिच्याकडे जा, मग पाळकसाहेबांकडे. उलट केलंत तर निरोपाची गोष्ट तिला तुमच्या तोंडून न कळता दुसऱ्याकडून कळेल. आणि पुढच्या सरावाची वेळ तिलाच विचारून ठरवा, तिला कोणती सोयीची आहे ते.